पाइपात पाणी आहे का? सोसायटीच्या कमिटीत नव्याने आलेल्यांसाठी

मुलुंडच्या आमच्या चौदा मजली इमारतीची मी सेक्रेटरी झाले, त्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत वॉचमनला सोबत घेऊन सातव्या मजल्यावरचा होज बॉक्स, म्हणजे आग विझवायच्या नळीची पेटी, उघडला. नळी गुंडाळलेली होती, पण तिच्या टोकाचं पितळी नोझल गायब होतं. व्हॉल्व्ह फिरवला. आधी फुस्स करून हवा आली, मग गंजाचं वाटीभर लाल पाणी, आणि मग काहीच नाही. खाली ऑफिसच्या कपाटात मात्र फाइल व्यवस्थित होती. दर जानेवारीचा आणि दर जुलैचा फॉर्म बी, सही-शिक्क्यासकट. आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचं एक एजन्सी त्या फॉर्मवर वर्षानुवर्षं लिहून देत होती आणि एकामागून एक कमिटी तो कागद फाइलला लावत होती. वर छप्पन्न कुटुंबं झोपत होती.

तुम्ही कमिटीत नवे असाल, मुंबईत नुकतंच घर घेतलं असेल, किंवा भाड्याने राहत असाल आणि जिन्यातल्या सिलिंडरकडे बघून मनात शंका येत असेल, तर पुढचं तुमच्यासाठी आहे. कोणतं काम कोणाचं, कोणत्या टेबलावर कोणता कागद द्यायचा आणि स्वतः काय तपासायचं, हे मला शिकायला तीन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागू नयेत.

आधी हे समजून घ्या: काम कोणाचं, देखरेख कोणाची

मुंबईत अग्निशमन दल महापालिकेचं आहे. १८८८च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने ते राखणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य ठरवलं आहे. दलाचं मुख्यालय भायखळ्याला, आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी पालिका आयुक्तांच्या हाताखाली काम करतात.

पण आपल्या इमारतीत यंत्रणा बसवणं आणि ती बारा महिने चालू ठेवणं हे पालिकेचं काम नाही. ते मालकाचं किंवा भोगवटादाराचं, म्हणजे सोसायटी असेल तर सोसायटीचं. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याचं कलम ३ हेच सांगतं. “आम्ही टॅक्स भरतो, बघतील पालिकावाले” हे वाक्य प्रत्येक सभेत कोणीतरी बोलतंच. त्या वेळी हे कलम वाचून दाखवा. पालिका तपासते, नोटीस देते, वेळ आली तर वीज-पाणी तोडते; पाइपात पाणी आपण भरायचं असतं.

आता देखरेखीचं. इथेच नवखी माणसं चुकीच्या दारात जातात.

इमारतीतली आगीची यंत्रणा, अडवलेले जिने, बंद पडलेले पंप हा अग्निशमन दलाचा विषय. तुमच्या भागातल्या फायर स्टेशनमध्ये जा. डिसेंबर २०१७ मध्ये अकरा दिवसांत दोन मोठ्या आगी लागल्या. १८ तारखेला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानात झोपलेले १२ कामगार गेले. २९ तारखेच्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिलमधल्या गच्चीवरच्या हॉटेलांत १४ जण गेले. त्यानंतर पालिकेने स्टेशनांमध्ये नियमपालन तपासणारे कक्ष सुरू केले. बोलताना सगळे त्यांना ‘कम्प्लायन्स सेल’ म्हणतात.

बेकायदा बांधकाम, वाढवलेला माळा, मोकळ्या जागेत टाकलेली शेड हा वॉर्ड ऑफिसचा विषय, आणि तिथल्या इमारत व कारखाने विभागाचा. दुकानाचा, गोदामाचा परवाना हा परवाना खात्याचा. खाद्यगृह असेल तर आरोग्य खातंही येतं. फुटपाथवरचं अतिक्रमण हटवायला वेगळं पथक असतं. या सगळ्यांच्या वर वॉर्डचे सहाय्यक आयुक्त. लोक त्यांना वॉर्ड ऑफिसर म्हणतात.

यंत्रणा तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या एजन्सीला परवाना मात्र पालिका देत नाही. तो राज्याच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाकडून मिळतो. एजन्सीने खोटं लिहून दिलं असेल तर तक्रार तिथेही गेली पाहिजे. हे मला फार उशिरा कळलं.

तुमची इमारत जुनी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी, असेल तर दुरुस्तीसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ असतं. झोपडपट्टी पुनर्वसनातली असेल तर बांधकामाची कागदपत्रं एसआरएकडे, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाकडे असतात. अंधेरीच्या एमआयडीसी क्षेत्रात एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन खातं आहे. म्हणून पहिल्याच पत्राआधी एवढं नक्की करा की आपल्या इमारतीचा नकाशा मंजूर केला कोणी.

कपाट उघडा

एका संध्याकाळी सोसायटीचं कपाट रिकामं करा आणि हे कागद बाजूला काढा: भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मंजूर नकाशा, अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र आणि त्याला जोडलेल्या अटी, यंत्रणा बसवली तेव्हाचा फॉर्म ए, मागच्या काही वर्षांचे फॉर्म बी, देखभालीचा वार्षिक करार.

यांतला सगळ्यात कामाचा कागद म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्राच्या अटी. तुमच्या इमारतीला किती जिने, पाण्याची किती लिटरची टाकी, कोणत्या क्षमतेचे पंप, स्प्रिंकलर कुठे आणि आश्रयस्थान, म्हणजे रेफ्यूज एरिया, कोणत्या मजल्यावर, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्याची झेरॉक्स काढा. पुढच्या पायरीत ती हातात लागेल.

ओसी सापडली नाही तर तो विषय पुढच्या सभेपर्यंत ढकलू नका. २२ ऑगस्ट २०१८ रोजी परळला हिंदमाताजवळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली आणि चार जण गेले. त्या इमारतीला ओसी नव्हती, आणि आगीची यंत्रणाही कामाची नव्हती. लोक तरी वर्षानुवर्षं राहत होते. ओसी नसणं म्हणजे इमारत नियमाप्रमाणे पुरी झाली की नाही, हे कोणी तपासून मान्यच केलेलं नाही. बिल्डर, आर्किटेक्ट आणि पालिकेचं इमारत प्रस्ताव खातं या तिघांकडे एकाच दिवशी लेखी मागणी करा.

रविवारी सकाळी, फाटकापासून गच्चीपर्यंत

ही पायरी कोणावरही सोपवू नका. कमिटीतले दोघं, वॉचमन, प्लंबर आणि शक्य असेल तर इमारतीतलं एखादं कॉलेजचं पोर फोटो काढायला. दोन तास लागतात.

फाटकापासून सुरुवात करा. बंब आत येईल का? वरची कमान, नावाचा फलक, खाली लोंबणाऱ्या केबल, वळणावर लावलेल्या गाड्या, पाहुण्यांच्या पार्किंगच्या नावाखाली अडलेली बाजू, सगळं बघा. उंच शिडीची गाडी फार जड असते. अंगणाखाली टाकी किंवा तळघर असेल तर वरचा स्लॅब तो भार पेलेल का, हे आर्किटेक्टला विचारा. फाटकाजवळ भिंतीत लाल रंगाची जाड तोटी असते, तिला फायर ब्रिगेड इनलेट म्हणतात. बंबवाले आपली नळी तिथे लावून बाहेरून इमारतीच्या पाइपात पाणी चढवतात. आमच्याकडे ती तोटी तुळशी-कर्दळीच्या कुंड्यांमागे गेली होती आणि तिच्यावर कोणीतरी सायकल टेकवून ठेवली होती.

मग पार्किंग. मुंबईत खूप जणांना वाटतं की आग वर लागते. ६ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ती तळमजल्यावर लागली, उभ्या गाड्या आणि तिथे साठवलेल्या चिंध्यांनी भडकली, आणि झोपेतल्या माणसांपर्यंत धूर जिन्याने वर गेला. पार्किंगमध्ये जुने सोफे, पेटीपॅक खोकी, बंद पडलेल्या स्कूटर, पेंटचे डबे काय काय आहे त्याचे फोटो काढा. इलेक्ट्रिक स्कूटरचं चार्जिंग मीटर रूमशेजारी एक्स्टेंशन बोर्डावर चालू असेल तर तेही टिपा.

मीटर रूमचं दार उघडा. आत झाडू, बादल्या, गणपतीच्या मखराचं थर्माकोल? बाहेर काढा, त्याच दिवशी. मग प्रत्येक मजल्यावरची विजेची डक्ट बघा. तळापासून गच्चीपर्यंत जाणारी ही उभी पोकळी म्हणजे आगीसाठी चिमणी आहे. प्रत्येक मजल्यावर ती न जळणाऱ्या मालाने बुजवलेली हवी. इंटरनेटवाले येतात, भोक पाडतात, केबल ओढतात आणि निघून जातात. भोक तसंच राहतं. आमच्या चौदा मजल्यांपैकी नऊ मजल्यांवर हात जाईल एवढी भोकं होती. मला विचाराल तर एका वर्षात एकच काम करायचं झालं, तर ही भोकं बुजवा. खर्च थोडा, उपयोग फार.

जिन्यात चपलांची कपाटं असतात, सायकली असतात, कोणाचं तरी वॉशिंग मशीन असतं. त्याबद्दल पुढे बोलते. आत्ता फक्त मजला आणि फ्लॅट नंबर लिहा.

होज बॉक्स एकेक करून उघडा. नळी, नोझल, काचेजवळची हातोडी आणि व्हॉल्व्ह हाताने फिरतो का. नोझल पितळेची असतात आणि भंगारात विकली जातात. कुठे नसेल तर नवल मानू नका, नवी आणा. सिलिंडरवर काटा असेल तर तो हिरव्या पट्ट्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचं वजन करूनच कळतं. भरल्याची तारीख आणि पुढची तारीख चिठ्ठीवर हवी.

पंप रूममध्ये पॅनेलवरचा खटका कुठे आहे ते बघा. तो ‘ऑटो’वर हवा. नळी उघडली की पाइपातला दाब उतरतो, छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होतो आणि तो पुरा पडला नाही की मोठा. पण रात्री आवाज होतो म्हणून, बिल वाढतं म्हणून तो खटका ‘मॅन्युअल’वर किंवा सरळ बंद ठेवलेला आढळतो. हूटरचं, म्हणजे आगीच्या भोंग्याचंही तेच. दोनदा उगाच वाजला म्हणून वायर काढून ठेवतात.

रेफ्यूज एरिया उंच इमारतींत साधारण आठव्या मजल्याच्या आसपास आणि पुढे दर सात मजल्यांनी असतो. दार उघडं हवं आणि जागा मोकळी हवी. तिथे सोसायटीचं ऑफिस, जिम किंवा कोणाचं फर्निचर असेल तर तो थेट नियमभंग आहे.

शेवटी गच्ची. दाराला कुलूप असेल तर किल्ली रात्री तीन वाजता कोणाकडे असते? टाकीवर चढा. आगीसाठीचा साठा वेगळा असतो, किंवा एकाच टाकीत घरगुती पाण्याची तोटी वरच्या पातळीवर ठेवून खालचं पाणी राखलेलं असतं. मे महिन्यात पाणीकपात झाली की हेच राखीव पाणी घरांना सोडलं जातं आणि पावसाळा आला तरी कोणी परत भरत नाही. आमच्या पाइपात हवा होती, त्याचं कारण हेच निघालं.

चाळीत राहत असाल तर यातलं अर्धं तुम्हाला लागू नाही, पण म्हणून काम संपत नाही. गिरगाव-काळबादेवीच्या लाकडी जिन्यांच्या इमारतींत पंप नसतो, रायझर, म्हणजे पाणी वर नेणारा उभा पाइप, नसतो. जिन्याखालीच मीटरचा पसारा असतो आणि त्याच जिन्याने सगळ्यांना उतरायचं असतं. तिथे तीन गोष्टी आधी करा: जिन्याखालचं सामान हटवा, जुनी वायर बदलून घ्या, आणि प्रत्येक मजल्यावर दोन सिलिंडर टांगा. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग विझवताना मुंबई दलाचे चार अधिकारी गेले. त्यांत त्या वेळचे प्रमुख सुनील नेसरीकर होते. जुन्या लाकडाच्या इमारतीत शिरणं म्हणजे काय, हे त्या एका तारखेवरून समजतं.

एजन्सी आणि फॉर्म बी

कायद्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र घेऊन अग्निशमन दलाला द्यायचं असतं. तोच फॉर्म बी. नव्या माणसाला वाटतं की हा भरून टाकायचा कागद आहे. तो सोसायटीने दिलेला शब्द आहे, आणि उद्या काही झालं तर पोलीस पहिला तोच मागतात.

एजन्सी नेमण्याआधी महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या यादीत तिचं नाव आणि परवान्याची मुदत बघा. मग करारात एक ओळ घाला: तपासणी कमिटीच्या दोन सदस्यांसमोर होईल, आणि गच्चीवरच्या शेवटच्या होज बॉक्समधून पाणी सोडून दाखवल्यावरच प्रमाणपत्र स्वीकारलं जाईल. सगळ्यात वरचा मजला धरायचा, कारण पंप कमजोर असेल तर तो तिथेच उघडा पडतो. “मॅडम, आधी सही करून ठेवा, माणूस परवा येईल,” असं मला एकदा फोनवर सांगितलं गेलं. मी नाही म्हटलं. नंतर दुसरी एजन्सी शोधावी लागली, पैसे जास्त लागले, आणि सभेत त्याबद्दल ऐकूनही घ्यावं लागलं. पण पंधरा दिवसांनी वरच्या मजल्यावर नळी ताठ झाली, तेव्हा सभेत सगळ्यात जोरात बोललेले जोशीकाका स्वतः ती धरून उभे होते.

फायर स्टेशनची ओळख करून घ्या

आग लागायच्या आधी एकदा तरी जवळच्या स्टेशनात जा. सोसायटीच्या लेटरहेडवर साधं पत्र: आमच्या इमारतीत मॉक ड्रिल घ्यावं आणि बंबाच्या वाटेची पाहणी करावी. १४ ते २० एप्रिलच्या अग्निशमन सेवा सप्ताहात दलाचे लोक ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं करतात, त्यामुळे पत्र मार्चमध्येच द्या. हा आठवडा १४ एप्रिल १९४४ची आठवण म्हणून पाळतात. त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि स्फोटकं लादलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे ६६ जण गेले. ड्रिलच्या दिवशी इमारतीतल्या मुलांना हे सांगा. मुलं ऐकतात आणि घरी जाऊन मोठ्यांना सांगतात.

पाहणीला आलेले अधिकारी जे तोंडी सुचवतील ते लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात पत्राने त्यांना कळवा की आम्ही अमुक केलं, अमुक बाकी आहे. या एका सवयीने स्टेशनमध्ये तुमची फाइल जिवंत राहते.

जिन्यातलं सामान, खालचं दुकान, वरची शेड

घरातल्या घरात सुटेल ते आधी घरात सोडवा. जिन्यातल्या सामानासाठी सर्वसाधारण सभेत ठराव करा, उपविधींचा आधार घ्या, आणि नोटीस लावण्याआधी एकदा दार वाजवा. तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेमावशींचं कपाट जिन्यात होतं, कारण त्यांच्या घरात सुनेच्या बाळंतपणाने जागा उरली नव्हती. आम्ही तळमजल्यावरच्या जुन्या मोटर रूममध्ये त्यांना कोपरा करून दिला. नोटीस दिली असती तर कपाट हललं नसतं आणि बोलणंही बंद झालं असतं.

पण तळमजल्यावरच्या गाळ्यात कोणी सिलिंडरचा साठा करत असेल, गोदामाचं खाद्यगृह केलं असेल, किंवा मोकळ्या जागेत शेड टाकून बंबाची वाट अडवली असेल, तर तिथे नात्यागोत्याने काम होत नाही. पालिकेकडे हत्यारं पुरेशी आहेत. आपण योग्य हत्याराचं नाव घ्यायचं असतं. विनापरवाना बांधकाम चालू असेल तर महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ अ प्रमाणे काम थांबवण्याची नोटीस निघते, झालेलं असेल तर कलम ३५१ची. जागेचा वापर बदलला असेल तर एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ५३. रस्त्यावरचं अतिक्रमण कलम ३१४. धोकादायक वस्तूंचा साठा किंवा परवाना लागणारा धंदा असेल तर कलम ३९४. आगीच्या यंत्रणेतल्या त्रुटींसाठी २००६च्या कायद्याचं कलम ६, आणि धोका तातडीचा असेल तर कलम ८. त्याखाली जागा रिकामी करायला लावण्यापर्यंत मजल जाते.

सणांची एक गोष्ट. गणपती किंवा नवरात्राच्या मंडपाला पालिकेची, वाहतूक पोलिसांची आणि अग्निशमन दलाची परवानगी लागते आणि त्यासाठी पालिका एक खिडकी चालवते. तुमच्या गल्लीतलं मंडळ वाट अडवत असेल तर मंडप बांधून झाल्यावर भांडण काढू नका. अर्ज भरायच्या आधीच कार्यकर्त्यांसोबत बसा आणि बंबाला लागणारी वाट जमिनीवर चुन्याने आखून घ्या. आमच्या गल्लीत हे तीन वर्षं विनातक्रार चाललं आहे.

तक्रार लिहायची कशी

पालिकेच्या १९१६ या नंबरवर फोन करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. कागद द्या. कागदाला पोच असते.

एका पत्रात एकच विषय. भावना बाजूला ठेवून जागा, वस्तू आणि तारीख लिहा. आमचं एक पत्र जवळजवळ असं होतं:

“प्रति, सहाय्यक आयुक्त, टी विभाग. प्रत: केंद्र अधिकारी, अग्निशमन केंद्र, मुलुंड. विषय: इमारतीच्या पूर्वेकडील अनिवार्य मोकळ्या जागेतील पत्र्याच्या शेडबाबत. महोदय, आमच्या इमारतीच्या पूर्व बाजूला दिनांक अमुक पासून पत्र्याची शेड उभी आहे. मंजूर नकाशात ही जागा मोकळी दाखवली आहे (प्रत सोबत). शेडमुळे अग्निशमन वाहनाला मागील जिन्यापर्यंत जाता येत नाही (फोटो सोबत). कृपया पाहणी करून महापालिका अधिनियमाच्या कलम ३५१ अन्वये कार्यवाही करावी आणि केलेली कार्यवाही लेखी कळवावी.”

मंजूर नकाशाची प्रत जोडलेली असली की खालच्या अभियंत्याला ‘बघतो’ म्हणता येत नाही. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का मारायला कोणी नाही म्हणालं तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.

उत्तर आलं नाही तर

तीन आठवडे थांबा, मग स्मरणपत्र द्या. त्यानंतर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. “कारवाई का केली नाही” असा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही, कारण ‘का’ ही माहिती नव्हे. असं विचारा: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर झालेल्या पाहणीच्या अहवालाची प्रत द्यावी, बजावलेल्या नोटिशीची प्रत द्यावी, पत्र ज्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे त्याचं पदनाम द्यावं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. माझ्या अनुभवात बहुतेक फाइली अपिलाची सुनावणी लागण्याआधीच हलतात.

याच्या जोडीला नगरसेवक. शहरात २२७ प्रभाग आहेत आणि प्रभाग समितीच्या बैठकीत नगरसेवक वॉर्डच्या अधिकाऱ्यांना उभं करून विचारू शकतो. मागच्या सभागृहाची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली, निवडणूक लांबत गेली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात हे दार बंद होतं आणि आम्हाला प्रत्येक प्रश्न कागदावरच लढावा लागला. त्याची किंमत मला ठाऊक आहे, म्हणून सांगते: तुमच्या नगरसेवकाला फक्त गटार आणि पाण्यासाठी भेटू नका. वॉर्डात किती इमारतींचे फॉर्म बी आले, किती नोटिसा निघाल्या, त्यांचं पुढे काय झालं, हे बैठकीत विचारायला सांगा.

वर्दी देताना

१०१ लावा. ११२ लागला तरी चालेल. इमारतीचं नाव, रस्ता, ओळखीची खूण, कितवा मजला, काय जळतंय, कोणी अडकलंय का, गल्ली अरुंद आहे का, हे सांगा आणि समोरच्याने ‘ठीक’ म्हटल्याशिवाय फोन ठेवू नका. पन्नास जणांनी व्हॉट्सॲपवर टाकलं आणि वर्दी कोणीच दिली नाही, असं होता कामा नये.

घरातून निघताना दार ओढून घ्या. बंद दार धुराला बराच वेळ अडवतं. लिफ्ट नाही, जिना. जिन्यातच धूर असेल तर घरात परत या, दाराच्या फटीत ओलं कापड कोंबा आणि खिडकीतून दिसत राहा. क्रिस्टल टॉवरमध्ये एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेलं आठवून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना नाकातोंडावर ओलं कापड धरायला लावलं. तिला पुढे शौर्य पुरस्कार मिळाला. खिडक्यांना पेटीसारख्या जाळ्या बसवल्या असतील तर त्यात उघडणारी झडप आजच करून घ्या.

आणि एक माणूस फाटकावर हवा. आमच्याकडे हे काम रात्रपाळीच्या पवारमामांचं आहे. वर्दी गेली की त्यांनी वर धावायचं नाही. दोन्ही फाटकं उघडायची, पार्किंगचा मुख्य स्विच पाडायचा, आणि केबिनमधल्या लाल हुकावरचा किल्ल्यांचा जुडगा घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. गच्ची, पंप रूम, मीटर रूम, रेफ्यूज. प्रत्येक किल्लीला नावाची पट्टी आहे, कारण उतरलेल्या जवानाच्या हातात ती न बोलता देता आली पाहिजे.